पेशीपासून पवनेपर्यंत

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि पवनेवर जलपर्णी माजण्याचे दिवस आपल्या गावी बहुधा एकत्रच येतात. संध्याकाळी मंडळी पटांगणात येऊन बसतात, वक्ता पहिले वाक्य बोलतो, आणि कोठूनशी टाळी ऐकू येते. नवख्या वक्त्यास वाटते, वाक्य पसंत पडले. मुरलेल्या वक्त्यास ठाऊक असते की ती टाळी डासावर पडली. आम्हीही या टाळ्यांच्या संगतीत बोलावयाचे ठरविले आहे. कारण आजच्या विषयाशी त्यांचा अगदी निकटचा संबंध आहे. हा डास कोठून आला, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे शोधू लागले, तर जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतचे सगळे प्रकरण उलगडत जाते. पहिल्या पानावर पेशी असते, शेवटच्या पानावर परिसंस्था असते, आणि मधे आपण असतो.

दोन बाटल्या

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांकडून पवनेचे पाणी दोन बाटल्यांत आणविले होते. एक बाटली रावेतच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची, दुसरी पिंपरीच्या खालच्या अंगाची. पहिलीतले पाणी निवळ होते, दुसरीतले काळपट व घाण वासाचे. मुलांनी तत्काळ निकाल दिला: पहिली नदी जिवंत, दुसरी मेलेली. मग दोहोंतला एकेक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पहिल्या थेंबात शेवाळाचे चार-दोन हिरवे तंतू आणि एखादा इकडून तिकडे जाणारा जीव, इतकेच दिसले. दुसऱ्या थेंबात मात्र जत्रा भरली होती. चपलेच्या तळव्याच्या आकाराचे पॅरामेशियम घाईघाईने धावत होते. देठावरच्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला आखडत होते, पसरत होते. आणि त्यांच्याभोवती जीवाणूंचे ठिपके इतके की मोजणे अशक्य. तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मेलेल्या नदीत इतके जिवंत कसे?”

या प्रश्नाहून चांगला प्रश्न आम्हांस परीक्षेच्या कोणत्याही पत्रिकेत आढळलेला नाही. आज त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे. उत्तराचे सूत्र आधीच सांगून ठेवतो: जीवसृष्टीत ‘बाहेर’ नावाची जागा नाही. एका जीवाने बाहेर टाकलेले दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. ते त्याचे अन्न झाले तर सृष्टीचा संसार चालतो. खाणाऱ्याला झेपेल त्याहून जास्त पडले, तर तो संसार मोडतो.

पेशी: चार भिंतींचे बिऱ्हाड

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाची पातळ चकती भिंगाखाली पाहिली, तेव्हा त्यास मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे दिसली. मठातील साधूंच्या खोल्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्याने या घरांना दिला. वस्तुतः त्याला दिसल्या त्या मोकळ्या खोल्या होत्या. बिऱ्हाडकरू केव्हाच निघून गेले होते. जिवंत बिऱ्हाडकरू पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने. १६७४ साली त्याने तळ्याच्या पाण्याचा थेंब स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिला व त्यातील इवल्या जीवांचे वर्णन लिहून पाठविले. पुढे १८३८-३९ साली श्लायडेन व श्वान या जर्मन पंडितांनी प्रतिपादन केले की वनस्पती काय आणि प्राणी काय, सर्वांची घडण पेशींचीच आहे. आणि १८५५ साली फिर्खो याने त्याला जोड दिली की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते.

पेशी किती लहान असते? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. सामान्य जीवाणू एक-दोन मायक्रॉन लांब असतो. म्हणजे पट्टीवरील एका मिलिमीटरच्या खुणेत पाचशे ते हजार जीवाणू एका ओळीत सहज बसतील. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. आपल्या एका देहात अशा लहानमोठ्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत, आणि जवळपास तितकेच जीवाणू आपल्या अंगावर व आतड्यांत बिऱ्हाड करून आहेत. तेव्हा ‘मी’ म्हणताना जरा जपून म्हणावे.

या बिऱ्हाडाची मुख्य गोष्ट कोणती? केंद्रक म्हणावे तर जीवाणूला वेगळे केंद्रक नसते. हिरवे द्रव्य म्हणावे तर ते आपल्यात नसते. सर्व पेशींत न चुकता आढळणारी एक गोष्ट म्हणजे तिच्याभोवतीचे पातळ पटल. पटल आहे म्हणून आत व बाहेर असा भेद आहे. काय आत घ्यावे, काय बाहेर टाकावे, याचा हिशेब हे पटल अहोरात्र ठेवते. साखर व प्राणवायू आत येतात; साखर हळूहळू जळते, तिच्यातील ऊर्जा पेशी कामास लावते; आणि कार्बन डायॉक्साइड व पाणी बाहेर पडते. आपण श्वास घेतो तो फुप्फुसांच्या हौसेखातर नव्हे. देहातील प्रत्येक पेशीला ही भट्टी पेटती ठेवावी लागते म्हणून. हिरवी वनस्पती हाच व्यवहार उलट्या बाजूने करते. आपण टाकलेला कार्बन डायॉक्साइड व जमिनीतले पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर ती साखर बनविते आणि प्राणवायू टाकून देते. तिचे टाकाऊ ते आपले जीवन. आमच्या सूत्राचे हे पहिले उदाहरण होय.

पिंपरीची बुरशी

दुसरे उदाहरण तर आपल्या घरचेच. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीहून परतला. जंतू वाढविण्यासाठी ठेवलेल्या एका बशीत बुरशी उगवली होती, आणि तिच्या आसपासचे जंतू विरघळून गेले होते. बुरशी आपल्या अंगातून काहीतरी बाहेर टाकीत होती व त्याने जंतू मरत होते. त्या द्रव्याला त्याने पेनिसिलीन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध केले आणि १९४१ साली रोग्यास टोचून पाहिले. १९४५ सालचे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळाले.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १९५५ साली, ही बुरशी पिंपरीस नांदावयास आली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याची स्थापना १९५४ मधली. आज आपण ज्याला उद्योगनगरी म्हणतो, तिच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांत हा एक. आणि मौज ही की त्यातले खरे कामगार डोळ्यांना न दिसणारे होते. मोठमोठ्या टाक्यांत साखर व मक्याचे सत्त्व घालून, खालून निर्जंतुक हवा सोडून बुरशी वाढवीत. अन्न मुबलक असे तोवर ती नुसती वाढे. अन्न आटू लागले व वाढ मंदावली की पेनिसिलीन भरभरून बाहेर टाकी. त्या टाक्यांतून पेनिसिलीन काढण्याचा तो जुना उद्योग आता तेथे उरलेला नाही, परंतु एच. ए. हे नाव पिंपरीच्या बोलण्यात कायमचे रुजले आहे.

पेनिसिलीन जंतूला मारते आणि आपल्याला मारीत नाही, हे कसे? येथे पेशीचे शरीरशास्त्र कामास येते. जीवाणूच्या पटलाबाहेर एक बळकट भित्तिका असते. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते. जीवाणूच्या आत दाब मोठा असतो. बाहेरचे पाणी आत घुसू पाहते व भित्तिका त्याला आवरून धरते. चाकणच्या संग्रामदुर्गाचे उदाहरण घेऊ. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या फौजेशी जवळजवळ दोन महिने टक्कर दिली. अखेर मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडविला तेव्हा किल्ला पडला. पेनिसिलीनची रीत याहून निराळी. ते सुरुंग लावीत नाही, किल्ल्यातल्या गवंड्याचे हात धरून ठेवते. जीवाणू वाढत असतो तेव्हा त्यास आपली भित्तिका जागोजाग उकलून पुन्हा सांधावी लागते. उकलणे चालू राहते, सांधणे थांबते, आणि आतल्या दाबाने भिंत आपणच फुटते. म्हणून वाढत्या जंतूवर पेनिसिलीन अधिक चालते; आणि विषाणूला अशी भिंतच नसल्याने साध्या सर्दीपडशावर ते मुळीच चालत नाही.

पिंपरीच्या प्रयोगशाळेचे नाव जगाच्या शास्त्रात ज्यामुळे गेले, ते हॅमायसीन होय. डॉ. मं. ज. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या सुमारास हे बुरशीनाशक औषध जगापुढे मांडले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाच्या नावावरून माणसांची आडनावे पडलेली आपण पाहतो. परंतु जंतूने गावाचे नाव घ्यावे, हा मान फार थोड्या गावांना मिळतो. हॅमायसीन भित्तिकेच्या वाटेला जात नाही, ते पटलावर घाला घालते. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो, आपल्या पटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असते. हॅमायसीन अर्गोस्टेरॉल हुडकून त्यास चिकटते व पटलाला भोके पाडते. तात्पर्य, औषधविद्येचे सारे चातुर्य शत्रूची पेशी व आपली पेशी यांतला फरक शोधण्यात आहे.

उरलेले सुटतात, त्यांचेच गाव होते

परंतु पेशी ही एकट्याने जगत नाही, ती वंश वाढविते. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहाला एक असला तर सकाळी सहाला चोवीस दुपटी होऊन एक कोटी सदुसष्ट लाखांवर संख्या जाते. इतक्या जन्मांत नक्कल करताना क्वचित चूक होते, आणि एखाद्या चुकीमुळे एखादा जीवाणू पेनिसिलीनला न जुमानणारा निघतो. काहींजवळ तर हे औषध कापून टाकणारी कात्री आधीपासूनच असते. एब्रॅहम व चेन यांनी असे पेनिसिलीन-नाशक द्रव्य १९४० सालीच नोंदविले होते. म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वी त्यावरचा तोडगा सृष्टीत हजर होता. त्यात नवल नाही. बुरशी व जीवाणू यांची ही लढाई मातीत कोट्यवधी वर्षे चालू आहे, आपण तीत उशिरा सामील झालो.

औषध अपुरे किंवा अकारण घेतले की दुबळे जंतू मरतात व निर्ढावलेले उरतात. जागा मोकळी झालेली असतेच, तेथे त्यांचेच गाव वसते. खुद्द फ्लेमिंगने १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेविषयी इशारा दिला होता. आणखी एक गोष्ट अशी, की जीवाणू ही कात्री तयार करण्याची कृती एका लहानशा जनुक-वलयावर लिहून शेजाऱ्याच्या हाती देऊ शकतो. शेजारी जातीचा नसला तरी चालते. असा हा बाजार जेथे दाटीने भरतो त्या जागा कोणत्या? रुग्णालये, गटारे, आणि गटारे ज्यांस मिळतात त्या नद्या. आपण गिळलेल्या प्रतिजैविकाचा बराच अंश शरीरातून तसाच बाहेर पडतो. उरलेल्या गोळ्या कोणी मोरीत टाकतो. औषध आपल्या बाहेर गेले, पण सृष्टीच्या बाहेर गेले नाही. येथून आपण नदीवर येतो.

आठ मिलिग्रॅमची शिदोरी

पवना सह्याद्रीत उगम पावते, मावळात धरणात साठते, रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करीत दापोडीजवळ मुळेस मिळते. तिच्या पाण्यात, काठावर व तळाच्या गाळात राहणारे सर्व जीव, आणि त्यांच्याशी देवघेव करणारे पाणी, हवा, ऊन व माती यांचा मिळून जो एक संसार होतो, त्यास परिसंस्था म्हणतात. ही संज्ञा टॅन्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रचारात आणली. या संसारात शेवाळ व पाणवनस्पती या मिळवत्या. त्यांना इवले जलजीव खातात, त्यांना लहान मासे, त्यांना मोठे मासे, आणि काठावरचा खंड्या व बगळा माशांवर टपलेले. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा बहुतेक भाग जगण्यातच खर्च होतो व ढोबळमानाने दहावा हिस्सा वर चढतो. म्हणून शेवाळ उदंड असते व बगळे मोजके असतात. या सर्वांच्या मागून झाडलोट करणारे येतात, ते जीवाणू. पाने, मलमूत्र, मेलेली जनावरे, सगळे ते खातात व त्याचे पुन्हा साधे क्षार करून वनस्पतींच्या हवाली करतात.

खाणे आले म्हणजे श्वास आला, आणि पाण्यातल्या जीवाची अडचण येथेच आहे. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात आपल्याकडच्या हवामानात तो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. ऊन वाढले की आणखी कमी. या मूठभर शिदोरीवर मासे, किडे, जीवाणू, सर्वांनी भागवायचे असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानास योग्य पाण्याची जी अट ठरविली आहे, तीत लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे म्हटले आहे.

आता घरातील मैलापाणी घेऊ. त्यातील घाण खाऊन संपविण्यास जीवाणूंना लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायू लागतो. भागाकार अगदी सोपा आहे. एक लिटर मैलापाणी तसेच नदीत सोडले, तर पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. नगररचनेच्या हिशेबात शहरी माणसास दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात व त्यातले सुमारे ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या पाण्यासाठी सुमारे पावणेतीन हजार लिटर नदी गुदमरते. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाख २७ हजार होती आणि नंतर ती वाढलेलीच आहे. उन्हाळ्यात पवनेला इतके पाणी आणावयाचे कोठून?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसऱ्या बाटलीतली नदी मेलेली नव्हती. तिच्यात जेवणावळ उठली होती. अन्न अफाट आले, जीवाणू अफाट वाढले, त्यांना खाणारे पॅरामेशियम वाढले, आणि या गर्दीने प्राणवायूची शिदोरी फस्त केली. मासे उपासमारीने मेले नाहीत, ते गुदमरून मेले. पुढे प्राणवायू अगदी संपला की दुसऱ्या तऱ्हेचे जीवाणू पुढे येतात, ज्यांना प्राणवायूची गरजच नसते. त्यांच्या श्वासातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो तो त्यांच्या नावाने.

डास कोठून आला

जीवाणूंनी घाण पचविली तरी नायट्रोजन व फॉस्फरस यांचे क्षार मागे राहतात. शेतकरी हेच क्षार पोत्यांतून पैसे देऊन आणतो. नदीला ते फुकट मिळतात. त्यावर जलपर्णी माजते. ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती, तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आपल्या देशात आणली गेली. तिकडे तिला खाणारे किडे होते, ते मागेच राहिले. अन्न भरपूर व शत्रू कोणी नाही, अशा स्थितीत ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. दिवाळीत एक रोप असले, तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, सव्वीस आठवड्यांत, तेरा दुपटी होऊन आठ हजारांवर जातील. यंत्रे लावून ती काढतात ते आवश्यकच आहे. पण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते आणि तिचा खुराक चालूच असतो. म्हणून पुढच्या वर्षी ती पुन्हा वसंत व्याख्यानमालेस हजर राहते.

या हिरव्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, तेव्हा पाण्यातले शेवाळ प्राणवायू करीनासे होते. लाटा मोडतात, पाणी साचते. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास अंडी घालतो. त्याची अळी पाण्यातला प्राणवायू घेत नाही. शेपटीकडची नळी पृष्ठभागाबाहेर काढून ती थेट हवेत श्वास घेते. मासे गुदमरतात व अळी सुखरूप राहते. आणि अळ्या खाऊन टाकणारे तर मासेच होते. आमच्या सभेतली टाळी ही अशी मोरीतून, जीवाणूतून, जलपर्णीतून आणि नाहीशा झालेल्या माशांतून आलेली आहे.

मोलाने ठेवलेली नदी

यावर उपायही जीवशास्त्रच सांगते. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी दाखविले की मैलापाण्यात हवा फुंकीत राहिले व तळाशी बसलेला जिवंत गाळ पुनःपुन्हा वापरला, तर नदीस जे काम करण्यास कित्येक दिवस लागतात ते काही तासांत होते. आपली मैलाशुद्धीकरण केंद्रे म्हणजे मोलाने ठेवलेल्या नद्याच होत. काम करणारे तेच जीवाणू, तेच पॅरामेशियम व व्हॉर्टिसेला. फक्त प्राणवायू आपण यंत्राने पुरवितो. ज्या जेवणावळीने नदी गुदमरते, तीच टाकीत भरविली की पाणी स्वच्छ होते.

मात्र या कामगारांच्या मर्यादा ओळखावयास हव्यात. जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून परस्पर नदीस मिळते, त्याला ते हात लावू शकत नाहीत. साध्या पद्धतीच्या केंद्रात नायट्रोजन-फॉस्फरसचे क्षार बऱ्याच अंशी उरतात, त्यांसाठी जादा व्यवस्था करावी लागते. तेव्हा पाणी निवळ दिसले तरी जलपर्णीचा खुराक चालू राहू शकतो. आणि आपला मुलूख यंत्रांचा आहे. धातूला मुलामा देताना वापरलेले क्रोमियम व निकेल, यंत्रांवरचे तेल, ही जीवाणूंना न पचणारी जिनसे आहेत. ती मैलापाण्यात मिसळली तर कामगारच मरतात, आणि केंद्र असून नसल्यासारखे होते. म्हणून असे पाणी कारखान्याच्या दारातच निराळे शुद्ध व्हावे लागते. आळंदीस अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीवर यात्रेच्या दिवसांतही जो पांढरा फेस दिसला, त्यामागे साबणासारखी, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी करणारी द्रव्ये असतात. वारकऱ्याने तो तीर्थाचा फेस समजून ओंजळीत घ्यावा, ही आपल्याला मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे.

पाण्याची वारी

आता नकाशा पाहू. पवना मुळेस मिळते. मुळा पुण्यात मुठेस मिळते व मुळा-मुठा पुढे भीमेस. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. चाकणच्या पलीकडची भामाही भीमेचीच. म्हणजे पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण, कोठेही मोरीत पाणी ओतले तरी ते अखेर भीमेत आहे. भीमा उजनीच्या धरणात थांबते. भिगवणजवळ तेथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, मच्छीमार जाळी टाकतात, आणि सोलापूर शहर त्या पाण्यातले पाणी पिते. धरणातून सुटलेले पाणी पुढे पंढरपुरास जाते व चंद्रभागा म्हणविते.

आषाढीला देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्या सडकेने. इंद्रायणी मात्र बारा महिने स्वतःच वारी करीत असते. पवनाही तिच्या मागोमाग तेथेच जाते. आपण आपल्या घरातून पंढरीस काय पाठवितो, याचा विचार पालखीला हार घालताना एकदा करावा.

नागरिकाने करावे असे काय आहे? मोठी कामे पालिकेची व कारखान्यांची, ती त्यांच्याकडून करवून घेणे आपले. आपल्या इमारतीचे मैलापाणी नेमके कोठे जाते, केंद्रात की नाल्यात, हे विचारावे; उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. औषधाच्या पाकिटावर लाल रेघ असली तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांवर आपला ताप भागवू नये, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते घ्यावे. उरलेले औषध मोरीत ओतू नये. कपड्यांना साबण हिशेबाने घालावा. या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण जीवाणूही क्षुल्लकच असतो, आणि त्याच्या दुपटीचा हिशेब आपण आत्ताच केला.

पेशीचे पटल आपले काम सहसा चुकत नाही. काय आत घ्यावे व काय बाहेर टाकावे हे त्याला कळते, म्हणून पेशी जगते. शहरालाही असे पटल हवे असते. आपल्या शहराचे पटल म्हणजे आपली गटारे, आपली केंद्रे, आपले कायदे आणि त्यांवर लक्ष ठेवणारे तुम्ही-आम्ही. ते फाटके राहिले, तर काय होते हे पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना पुलावर क्षणभर थांबावे, इतकेच पुरे आहे.